या अंगणात मेकॅनिक येत नाही

भाड्याची खोली बघायला गेलं की मालक लोक काय काय विचारतात, हे मला तेव्हा तोंडपाठ होतं. लग्न झालंय का, माणसं किती, मच्छी करता का, पाहुणे येऊन राहतात का. दोन वर्षांत तीन खोल्या बदललेल्या माणसाला ही उत्तरं झोपेतसुद्धा देता येतात. सगळी आळी जिला आत्या म्हणायची त्या घरमालकिणीने यातलं एकही विचारलं नाही. ओट्यावर बसून त्या लसूण सोलत होत्या. फाटकाबाहेर माझी पिकअप चालूच होती. तिच्या आवाजाकडे त्यांनी थोडा वेळ कान दिला आणि मग म्हणाल्या, "ऑइल शेवटचं कोनी बदललं?"

"गॅरेजवाल्याने."

"तेव्हा तू कुठं होतास?"

"चहा प्यायला गेलो होतो."

"मग तुला काय म्हाईत त्याने बदललं?"

मी जाऊन पिकअप बंद केली.

"खोली घे," त्या म्हणाल्या. "गाडी अंगनात लाव. पन ऑइल सोताच्या हाताने बदलायचं. या अंगनात मेकॅनिक येत नाय. नाय जमलं तर खोली खाली."

मी हसलो. बायकोने मागून शर्ट ओढला, कारण आत्या हसत नव्हत्या. बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं की आमच्या आधीचे तीन भाडेकरू ऑइलपायीच गेले. एकाला तर सामान बांधायला आठवडासुद्धा मिळाला नाही. बायको म्हणाली, दुसरीकडे बघू. मी म्हणालो, नाही, इथेच.

त्याचं कारण होतं फाटक. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून बदलापूरच्या नव्या बिल्डिंगांत सोफे, कपाटं, दिवाण पोचवायचे हा माझा धंदा. कंपनी बंद पडल्यावर हातात जे आलं ते सगळं या सेकंडहँड पिकअपमध्ये घातलं होतं. चार सिलिंडरची डिझेल गाडी, रंग उडालेला, पण इंजिन दमदार. ज्या दुकानदाराचा माल मी उचलायचो त्याला सगळा बाजार साई म्हणायचा. साईचा नियम एकच, "टाइम पे आया तो माल तेरा, नहीं तो पीछे दस गाडी खडी है." आणि मी गाडी लावायचो रस्त्यावर. एकदा स्टेपनी गेली, एकदा ताडपत्री, आणि एकदा चक्क बॅटरी. बॅटरी गेली त्या दिवशी एका नव्या जोडप्याचा बेड दुकानातच पडून राहिला आणि साईने आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही. आत्यांच्या फाटकाला आतून कुलूप होतं. मला खरं म्हणजे ते कुलूप हवं होतं, खोली त्याच्याबरोबर आली. शिवाय अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराकडून आत वळलं की ते घर, तिथून बायकोची कंपनी चालत वीस मिनिटांवर. हे सोडून जायचं म्हणजे पुन्हा रस्त्यावर गाडी लावायची आणि सकाळी उठल्यावर आधी देवाला नाही, बॅटरीला हात लावून बघायचं.

आत्या तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. मूळच्या बदलापूर गावातल्या. अंगणात त्यांची स्वतःची पिकअप उभी असायची, तीही चार सिलिंडरची, माझ्या गाडीची थोरली बहीण. नवरा होता तेव्हा दोघं मिळून भाताचा पेंढा, विटा, जांभळं, मिळेल ते वाहायचे. तो गेला, मुलगा बंगलोरला नोकरीला लागला, आणि गाडी आत्यांकडे राहिली. दर रविवारी पहाटे सहाला त्या स्वतः चालवत बदलापूरला भावाच्या मळ्यावर जायच्या आणि दुपारच्या आत परत यायच्या. गाऊन, त्यावर नवऱ्याचा फुल शर्ट, गळ्यात टॉवेल. रस्त्यातले लोक वळून बघायचे. आत्या बघत नसत.

त्यांची ऑइल बदलायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती अमावस्येला. अमावस्येला नवं फर्निचर कोणी घरात घेत नाही, त्यामुळे मला आपोआप सुट्टी. आत्यांना अमावस्या आवडायची कारण त्या दिवशी त्यांच्याकडेही कोणी येत नसे. तीन-चार महिन्यांतली एक अमावस्या ऑइलची. त्या दिवशी घरात फक्त खिचडी. आधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. चाकामागे दोन विटा. केसांना प्लास्टिकची पिशवी. मग टीव्हीचा मोठा खोका उलगडून जमिनीवर टाकायच्या आणि त्यावर उताण्या होऊन गाडीखाली अशा सरकायच्या की मला माझ्या पोटाची लाज वाटायची. आतून फक्त आवाज यायचा, "एकोनीस नंबर." मी पाना द्यायचो. इंजिनच्या तळाशी ऑइल जिथे साठतं त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात. त्या चेंबरचा नट सुटला की काळंकुट्ट ऑइल धारेने घमेल्यात पडायचं.

गॅरेजवाला धार संपली की नट लावून मोकळा होतो. आत्या शेवटचा थेंब तुटेपर्यंत थांबायच्या, आणि त्याला चांगला तासभर लागायचा. धार, मग दोरा, मग थेंब, मग पुढचा थेंब कधी येतो याची वाट. या तासात चहा व्हायचा आणि आत्या बोलायच्या. एरवी चार शब्दांत काम भागवणारी बाई, पण घमेल्यात थेंब पडायला लागले की तोंड सुटायचं. मधेच जुनं ऑइल चिमटीत घेऊन चोळायच्या, नाकाशी न्यायच्या आणि "गेल्या टायमापेक्षा बरं हाय" असं काहीतरी सांगायच्या. मला सगळंच काळं दिसायचं.

नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबराला बोटाने ताजं ऑइल लावायचं आणि मग हाताने आवळायचा. "हाताने आवळायचं, रागाने नाय," असं त्या म्हणायच्या, आणि हे वाक्य फिल्टरपुरतं कधीच राहिलं नाही. बायको लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत असली तरी हेच, आमच्या दोघांचं वाजलं तरी हेच. दुसरं वाक्य होतं, "गरम असताना सोडायचं, थंड झाल्यावर मोजायचं." माझी मेहुणी एकदा लग्नातल्या मानपानावरून आमच्या घरी येऊन तणतणत होती, तिलाही आत्यांनी हेच ऐकवलं. मेहुणीला वाटलं चहाबद्दल बोलतायत. तिने कप खाली ठेवला आणि गप्प बसली, म्हणजे वाक्य लागू पडलं म्हणायचं.

नट घट्ट झाला की त्यावरून चेंबरपर्यंत लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायच्या, म्हणजे नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. ही बाटली घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "नातीसाठी का?"

"चेंबरसाठी," आत्या म्हणाल्या. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

जुनं ऑइल गटारात टाकणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. ते कॅनमध्ये भरून ठेवायचं. अर्धं सेंट्रिंगवाले न्यायचे, स्लॅबच्या फळ्यांना लावायला. अर्धं बारवी धरणाकडच्या एका वाडीवर जायचं, तिथे घराच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. पाऊस सुरू झाला की वाडीवरून शेवळं ही रानभाजी यायची, निवडून, सोबत काकडांची आंबट फळं घालून, कारण शेवळं नुसती खाल्ली की घसा खाजतो. ती भाजी आमच्याकडेही यायची. जळक्या ऑइलच्या बदल्यात इतकी चविष्ट भाजी मिळते हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी कंपनीत वीस वर्षं घालवली नसती.

आता माझी पाळी आली तेव्हा मी काय केलं ते सांगतो, आणि लाज वाटते म्हणूनच सांगतो. मला गाडीखाली जायची भीती वाटायची. दीड टनाचं लोखंड छातीवर चार बोटांवर बघून माझा श्वास अडकायचा. बायकोला हे सांगायची सोय नव्हती. म्हणून अमावस्येच्या आदल्या दिवशी मी उल्हासनगरला एका गॅरेजमध्ये गेलो, गुपचूप ऑइल बदलून घेतलं आणि निघालेलं काळं ऑइल एका कॅनमध्ये घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी आत्या भाचीकडे गेल्या होत्या. मी अंगणात खोका पसरला, घमेल्यात काळं ऑइल ओतलं, दोन्ही तळव्यांना फासलं, गालावर एक बोट ओढलं, आणि फाटक वाजल्यावर गाडीखालून आत्ताच निघाल्यासारखा उठून बसलो. नाटक फुल्ल जमलं होतं. बायकोनेसुद्धा खिडकीतून कौतुकाने बघितलं.

आत्या जवळ आल्या. माझा हात धरला, उलटा केला, आणि अंगठ्याने माझं कोपर चोळलं.

"सुकं हाय," त्या म्हणाल्या. "नट सुटला की ऑइल हातावरनं उतरतं. बदलनाऱ्याचं कोपर दोन दिवस काळं ऱ्हातं. तळवे काय, कोनीपन काळे करतो. कंच्या गॅरेजात गेलतास?"

मी सांगितलं. खोटं बोलायचं बळ सगळं आधीच संपलं होतं.

"पुढच्या टायमाला माझ्यासमोर. नाय जमलं तर आठ दिवसांत खोली खाली." आणि आत जाता जाता बायकोला म्हणाल्या, "गालाचं लवकर धू, नायतर डाग ऱ्हाईल."

बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते इतकंच, "कुलूप गेलं ना, तर बॅटरी तू उशाशी घेऊन झोपायची."

पुढची ऑइलची अमावस्या चार महिन्यांनी आली. आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत गाडीशेजारी बसल्या, हत्यारांची पेटी मांडीवर. खिडकीत बायको. मी देवाचं नाव घेऊन आत सरकलो. आत एक वेगळीच दुनिया असते. खालून बघितलं की आपलीच गाडी आपल्याला ओळखू येत नाही. घाम डोळ्यांत जात होता. एक नट दिसला. एकोणीसचा पाना लावला, बसेना, लहान पडत होता.

"आत्या, चोवीसचा द्या."

एक क्षण काहीच झालं नाही. मग चोवीसचा पाना हातात आला. नट सुटला आणि ऑइल खरंच हातावरून कोपरापर्यंत आलं. गरम नव्हतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही, मला इतका आनंद झाला होता. बाहेर येऊन घमेल्यात बघतो तर काय, ऑइल काळं नाहीच. मधासारखं दाट, पिवळसर.

"आत्या, इंजिन काय मेंटेन केलंय बघा मी," मी म्हणालो. "चार महिने झाले, ऑइल जसंच्या तसं. तुमचंसुद्धा एवढं साफ निघत नाही."

"अस्सं," आत्या म्हणाल्या.

मग थेंबांचा तास. त्या दिवशी मी पुन्हा एकदा विचारलं की मेकॅनिकवर एवढा राग का. याआधी त्या दर वेळी वेगळं कारण सांगायच्या. एका मेकॅनिकने नट हातोडीने ठोकला, दुसऱ्याने अर्धं ऑइल स्वतःच्या स्कूटरला घातलं, तिसऱ्याने त्यांच्या घरच्या चहाला पाणी म्हटलं. त्या दिवशी घमेल्याकडे बघत त्यांनी खरं सांगितलं. नवरा गेल्यावर महिन्याभरात इंजिनमधून खडखड यायला लागली. मेकॅनिकला घरी बोलावलं. आत्यांनी त्याला सगळं नीट सांगितलं, आवाज कुठून येतो, कुठल्या गिअरला येतो, थंड असताना येतो की गरम. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात जेन्ट्स कोणी आहे का? त्यांच्याशी बोलतो."

"मी म्हनलं, हाय. थांब, बोलावते," आत्या म्हणाल्या. "आत गेले, ह्यांचा शर्ट घातला, बाहेर आले. म्हनलं, बोल."

मी इतका हसलो की चहा सांडला. आत्याही हसल्या, पण डोळे पुसायला टॉवेल त्यांनीच आधी उचलला.

थेंब तुटला. मी नट लावला, नेलपॉलिशची रेघ ओढली, नवा फिल्टर हाताने आवळला, रागाने नाही. जुन्या फिल्टरमधून थोडं काळं ऑइल सांडलं, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. नरसाळं लावून नवं ऑइल ओतलं, मोजून साडेपाच लिटर. पाच मिनिटं थांबलो. मग ऑइल बघायची काडी बाहेर काढली, पुसली, पुन्हा आत घालून काढली.

काडीवर दोन खुणा असतात. ऑइल दोन्हींच्या मध्ये हवं. माझं ऑइल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर होतं, आणि काळं होतं. नुकतंच ओतलेलं ऑइल काळं कसं असेल? मी पुन्हा पुसून बघितलं. तेच. मग मधासारखं दाट ऑइल आठवलं, चोवीसचा पाना आठवला, आणि घोळ लक्षात आला. मी गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं होतं. इंजिनमधलं जुनं ऑइल तसंच होतं आणि त्याच्यावर मी साडेपाच लिटर नवं ओतलं होतं. गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत.

"किती हाय?" आत्यांनी खुर्चीतून विचारलं. त्या काडीकडे बघतसुद्धा नव्हत्या.

आता खरं सांगतो, माझ्या तोंडात "बरोबर खुणेवर" आलं होतं. दोन शब्द, आणि खोली माझी. गाडी चालू करायची नाही, दुपारी आत्या झोपल्या की सगळं काढून नीट करायचं, झालं. खिडकीतून बायको मान हलवून विचारत होती, झालं का? मी तिच्याकडे बघितलं, फाटकाच्या कुलपाकडे बघितलं, आणि मला इतकं रडायला आलं की सांगता सोय नाही. चार महिन्यांपूर्वीचं ते नाटक, गालावरचं बोट, सगळं आठवलं. पुन्हा एवढं सगळं करायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"आत्या, चुकलं," मी म्हणालो. "गिअरबॉक्स सोडला मी. इंजिनमध्ये डबल ऑइल झालंय."

आत्यांनी टॉवेलने हात पुसले. मग म्हणाल्या, "तू चोवीस नंबर मागितलास तेव्हाच समजलं मना."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळेच गिअरबॉक्स सोडतात. मी पन सोडलेला पयल्यांदा. तुझ्या आधीच्या तिघांनी तेच केलं. मी तिघांना पन विचारलं, किती हाय. तिघं बोलले, बरोबर खुनेवर." त्यांनी पेटी खाली ठेवली. "चल, आधी इंजिनचं काढ. मग दुकानातनं गिअर ऑइल आन."

इंजिनचा खरा नट सोडला, काळं ऑइल घमेलं भरून निघालं, सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दुपार झाली. माझं कोपर, बनियन, कान, सगळं काळं. खिचडी थंड झाली होती आणि मला तिच्याइतकं चविष्ट काही आठवत नाही.

जेवण झाल्यावर आत्यांनी मला त्यांच्या गाडीपाशी नेलं, बॉनेट उघडलं आणि काडी माझ्या हातात दिली. "हिची पन वाच."

"तुम्हीच बघा की."

"मना खूण दिसत नाय," आत्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. काचबिंदू हाय. गेलं ते परत येत नाय, असं डॉक्टर बोलला. बाजूचं जवळपास गेलं, मधलं धुरकट हाय."

तेव्हा कुठे मला ते चिमटीत चोळणं, नाकाशी नेणं, माझं कोपर अंगठ्याने तपासणं समजलं. मी त्याला तऱ्हेवाईकपणा समजत होतो आणि घरी नक्कल करून बायकोला हसवत होतो. काडी वाचली. "खालच्या खुणेवर आलंय," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून मी आत्यांचा वाचक झालो. ऑइलची काडी, विजेचं बिल, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, मुलाचे मेसेज. मुलाला डोळ्यांचं माहीत नव्हतं, माहीत झालं तर तो गाडी विकून आईला बंगलोरला नेणार हे आत्यांना पक्कं माहीत होतं. वाचण्याची अट एकच, जे असेल ते वाचायचं. एकदा मुलाने लिहिलं होतं, 'आई, तू हल्ली उगाच चिडचिड करतेस.' मी 'उगाच' गाळलं. आत्या म्हणाल्या, "एक शब्द कमी वाचलास. तो इतकं लहान लिवत नाय."

एवढं सगळं कळूनही एक साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरायला चार महिने लागले. काडीवरची खूण न दिसणारी ही बाई दर रविवारी बदलापूरपर्यंत गाडी चालवत जात होती. मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिला माहीत नाही का? तू गप्प बस. तिचा मुलगा आहे ना सांगायला. तू सांगशील आणि आपण पुन्हा रस्त्यावर." तिचंही चुकत नव्हतं. साई आता रोज तीन फेऱ्या देत होता. मी दोन रविवार गप्प बसलो, आणि दोन्ही रविवारी त्यांची गाडी फाटकातून आत येईपर्यंत ओट्यावर फेऱ्या मारत होतो.

तिसऱ्या शनिवारी आत्या स्वतःच म्हणाल्या, "उद्या माझ्यासंगती चल. मी चालवते. तू बग. आनि मग सांग."

गाडी त्यांनी अप्रतिम चालवली. गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. रस्ता पाठ, खड्डे पाठ, कुठे म्हशी आडव्या येतात ते पाठ. पण रस्त्यावर जे नवीन होतं ते त्यांना पाठ नव्हतं. एका नव्या बिल्डिंगच्या गेटमधून डावीकडून रिक्षा आली. रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला, हात बाहेर काढून शिव्या घातल्या. आत्यांनी आरशातसुद्धा बघितलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तिथे कोणी नव्हतंच. पुढे एक मुलगी सायकलवरून कडेने चालली होती. आमच्यात आणि तिच्यात वीतभर अंतर राहिलं. मी सीट घट्ट धरून बसलो होतो.

भावाच्या मळ्यावर गाडी थांबली. त्यांनी किल्ली काढली, हातात ठेवली. "बोल."

मी सगळं सांगितलं. रिक्षा सांगितली, शिव्या सांगितल्या, मुलगी सांगितली, सायकलचा रंगसुद्धा सांगितला. "आत्या, आता नका चालवू," मी म्हणालो.

त्या उतरल्या आणि मळ्यात निघून गेल्या. येताना गाडी मी चालवली.

सोमवारी त्या बोलल्या नाहीत. मंगळवारीही नाही. विजेचं बिल आलं, ते त्यांनी वाचायला दिलं नाही. शुक्रवारी फेऱ्या संपवून आलो तर त्यांच्या गाडीची जागा रिकामी. इस्त्रीवाला म्हणाला, वाडीवरची माणसं घेऊन गेली, भाजी बाजारात न्यायला, आणि ऑइल स्वतः बदलायचं म्हणून आत्यांनी त्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं. बायकोने काही न बोलता माळ्यावरून खोके खाली काढले. मी साईला फोन करून रस्त्यावर कुठे बरी जागा आहे का विचारलं. तो हसला, मला हसता आलं नाही. माझ्यामुळे त्या बाईची गाडी गेली होती आणि आता माझी खोली गेली तरी मला तक्रार करायला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला मी अंगणात आलो. माझ्या पिकअपच्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आत्या बसल्या होत्या. नवऱ्याचा शर्ट, गळ्यात टॉवेल, मांडीवर पिशवी. काच खाली करून म्हणाल्या, "सा वाजले. अजून झोपतोस?"

मी गाडी काढली. फाटकापासून शिवमंदिरापर्यंत त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगची पार सालं काढली. क्लचवर पाय कशाला ठेवतोस, दुसऱ्यात कशाला रडवतोस, हॉर्न फुकट मिळालाय का. मी नुसता हो हो म्हणत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की मुद्दाम एकदा गिअर चुकीचा टाकला.

मध्येच मुलाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "आई, गाडीचा आवाज येतोय. तू अजून चालवतेस?"

"नाय रे," आत्या म्हणाल्या. "डोळे गेलेत माझे. ड्रायव्हर ठेवलाय."

मग तो हळूच म्हणाला, "डोळे? कधीपासून? आणि ड्रायव्हर? पगार किती देतेस त्याला?"

"तोच मना भाडं देतो," आत्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. "याला सगळं नीट सांग. काय गाळू नको."